आयात कपड्यांचे सीमाशुल्क वर्गीकरण

आयात कपड्यांचे सीमाशुल्क वर्गीकरण म्हणजे परदेशातून आलेल्या प्रत्येक वस्त्राला त्याच्या स्वरूपानुसार ठरावीक संकेतांक देण्याची प्रक्रिया होय. आयातशुल्काचा दर या संकेतांकावरून ठरतो. वस्त्राचे बाजारातील नाव येथे गौण मानले जाते. धागा, वीण आणि शिलाई यांना महत्त्व असते.

संकेतांकाची रचना

जागतिक सीमाशुल्क संघटनेची ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’ ही वर्गीकरणपद्धती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. तिचे पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांत समान असतात. पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार जोडतो. भारतात सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत आठ अंकी, तर अमेरिकेत दहा अंकी संकेतांक वापरला जातो. पहिले दोन अंक प्रकरण, चार अंक शीर्षक व सहा अंक उपशीर्षक दर्शवतात.

वर्गीकरणाचे निकष

वीण : होजिअरी पद्धतीने, म्हणजे धाग्याचे फासे एकमेकांत गुंफून तयार केलेल्या कापडाचे कपडे प्रकरण ६१ मध्ये येतात. मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेल्या कापडाचे कपडे प्रकरण ६२ मध्ये येतात. त्यामुळे पुरुषांचा होजिअरी शर्ट ६१०५ या शीर्षकात, तर मागावरच्या कापडाचा शर्ट ६२०५ मध्ये मोडतो. चामड्याचे कपडे या दोन्ही प्रकरणांबाहेर, ४२०३ मध्ये जातात.

धागा : मिश्र कापडात ज्या धाग्याचे वजन सर्वाधिक, संपूर्ण वस्त्र त्याच धाग्याचे आहे असे मानले जाते. ५५ टक्के सूत व ४५ टक्के पॉलिएस्टर असलेला टी-शर्ट सुती ठरतो. दोन्ही धागे समसमान असल्यास अनुक्रमात शेवटी येणारे वर्गीकरण लागू होते. म्हणजे तो टी-शर्ट सुती राहत नाही.

परिधान करणारी व्यक्ती : पुढून उघडणाऱ्या वस्त्राची डावी बाजू उजवीवर येत असल्यास ते पुरुषांचे व उजवी बाजू डावीवर येत असल्यास स्त्रियांचे समजले जाते. मात्र वस्त्राच्या बेतण्यावरूनच ते कोणासाठी आहे हे स्पष्ट होत असेल, तर हा नियम लागू होत नाही. कोणाचे वस्त्र हे ओळखता न आल्यास ते स्त्रियांच्या शीर्षकात जाते. तान्ह्या मुलांचे कपडे ८६ सेंटिमीटरपर्यंत उंची असलेल्या बालकांसाठीचे असावे लागतात.

शिलाई : लहानसा तपशीलही शीर्षक बदलू शकतो. होजिअरी शर्टाला कमरेखाली खिसा असल्यास तो ६१०५ मध्ये राहत नाही. साडी शिवलेली नसल्याने भारतीय अनुसूचीत रेशमी साडीची नोंद तयार कपड्यांत नसून रेशमाच्या प्रकरण ५० मध्ये आहे.

आर्थिक परिणाम

अमेरिकेच्या सर्वसाधारण दरपत्रकात सुती टी-शर्टावर १६.५ टक्के, तर कृत्रिम धाग्याच्या टी-शर्टावर ३२ टक्के शुल्क आहे. मिश्रणातील थोड्या फरकाने शुल्क जवळजवळ दुप्पट होऊ शकते, ते यामुळेच. भारतात अनेक कपड्यांवर किमतीच्या ठरावीक टक्केवारीने किंवा प्रतिनग ठरावीक रकमेने, यांपैकी जे अधिक असेल त्याप्रमाणे शुल्क आकारले जाते. त्यामुळे स्वस्त कपड्यांवरील शुल्काचा भार प्रत्यक्षात छापील टक्केवारीपेक्षा अधिक पडू शकतो.

वाद आणि निवाडे

अमेरिकेतील रुबीज कॉस्च्यूम कंपनीच्या खटल्यांतून वर्गीकरणातील सूक्ष्मता दिसते. तकलादू शिलाईचे हॅलोविनचे पोशाख हे कपडे नसून सणासुदीच्या वस्तू आहेत, असे अपील न्यायालयाने २००३ मध्ये ठरवले. त्या वस्तूंवर शुल्क नव्हते. मात्र २०१९ मध्ये चांगल्या शिलाईच्या सांताक्लॉज पोशाखातील कोट व विजार हे कपडेच असल्याचा निर्णय झाला. दोन्ही पोशाख सणासाठीच होते. फरक शिलाईच्या दर्जाचा होता.

भारतातील कार्यपद्धती

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १७ नुसार आयातदाराने मालाचे वर्गीकरण व शुल्क स्वतः ठरवून घोषित करायचे असते. अधिकारी त्याची पडताळणी करतात व गरज भासल्यास नमुना धाग्याच्या परीक्षणासाठी प्रयोगशाळेत पाठवतात. चुकीच्या वर्गीकरणामुळे शुल्क कमी भरले गेल्यास फरक व्याजासह वसूल होतो. हेतुपुरस्सर लपवाछपवी आढळल्यास दंडही होतो. माल येण्यापूर्वीच वर्गीकरणाची खात्री करून घ्यायची असल्यास मुंबई किंवा दिल्ली येथील सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.