विमान उतरवायला शिकताना : पालकांसाठी थोडी माहिती



बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेल्या आपल्या मुलामुलींपैकी काहींना हल्ली वैमानिक व्हायचे असते. फतेगंजपासून हरणी विमानतळ फार लांब नाही आणि गुजरात फ्लाइंग क्लबही तिथेच आहे, त्यामुळे बडोदेकरांना हे क्षेत्र अगदीच परके नाही. पण शिकाऊ विमानाच्या अपघाताची बातमी आली की घरात काळजी सुरू होते. ९ ऑगस्ट २०२५ रोजी बारामतीला एक शिकाऊ विमान उतरल्यावर त्याचे पुढचे चाक निखळले आणि ते बाजूच्या गवतात गेले. वैमानिक सुखरूप राहिला. त्याच वर्षी २२ एप्रिलला आपल्या गुजरातेत, अमरेलीला, शिकाऊ विमान कोसळले तेव्हा मात्र वैमानिकाचा जीव गेला.

प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असते आणि ते तपासातूनच कळते. तरी उतरताना अवघड काय असते, एवढे आपण नक्की समजून घेऊ शकतो.

उतरताना काय होते?

बऱ्याच क्लबांत दिसणारे सेस्ना १५२ हे दोन आसनांचे विमान. ते साधारण ताशी १०० ते १२० किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे येते. जमीन काही फुटांवर आली की इंजिनाची शक्ती कमी करून नाक हळूहळू वर उचलायचे, म्हणजे मागची दोन मुख्य चाके आधी टेकतात. याला फ्लेअर म्हणतात. नाक उशिरा उचलले तर विमान आदळते. लवकर उचलले तर वेग हवेतच संपतो आणि विमान खाली पडते. हा अंदाज पुस्तकातून येत नाही, पुन्हा पुन्हा उतरूनच येतो.

वेग जास्त असला तर विमान टेकून पुन्हा उसळते. घाबरलेला विद्यार्थी नाक खाली दाबतो आणि पुढचे चाक आधी आदळते. मग दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी येते. जोराचा आघात मागच्या चाकांनी सोसायचा असतो, पुढच्या चाकाची तेवढी ताकद नसते. ते मोडले की पंखा जमिनीला घासतो. आडवा वारा असेल तर विमान धावपट्टीवरून बाजूलाही जाऊ शकते.

उपाय : पुन्हा वर जाणे

उतरणे बिघडते आहे असे वाटले की पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जायचे, फेरी मारायची आणि नव्याने यायचे. यालाच गो-अराउंड म्हणतात. बिघडलेले उतरणे कसेबसे सावरण्याच्या नादात साधी चूक अपघात होऊन बसते. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकापुढेही पेच असतो. फार लवकर हात घातला तर विद्यार्थी शिकत नाही, उशीर केला तर सावरायला उंची उरत नाही. म्हणून "आय हॅव कंट्रोल" असे प्रशिक्षक म्हणाला की विद्यार्थ्याने त्याच क्षणी हात सोडायचा असतो.

घरच्यांनी काय करावे?

व्यावसायिक परवान्यासाठी किमान १८ वर्षे वय आणि २०० तासांचे उड्डाण लागते. खर्च लाखांत जातो. मग घरून नकळत विचारले जाते, "अजून एकट्याने उडवलं नाहीस का? त्या अमक्याच्या मुलाने तर केव्हाच उडवलं!" हा प्रश्न मुलांच्या मनात बसतो. एक फेरी वाढली म्हणजे पैसे वाया गेले, असे त्यांना वाटू लागते. खरे तर ती जास्तीची फेरी हेच शिक्षण आहे. तेव्हा "किती तास झाले?" याऐवजी "आज परत वर जावं लागलं का?" असे सहज विचारावे, आणि उत्तर "हो" आले तर शाबासकी द्यावी.

संस्था निवडताना विमानांची देखभाल कोण करते, एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी असतात, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. २०२५ पासून डीजीसीए प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवारी जाहीर करते आणि त्यात सुरक्षिततेचाही विचार होतो. तीही पाहावी.

आणखी एक. विमान अपघात अन्वेषण ब्यूरोचा तपास कोणाला दोषी ठरवण्यासाठी नसतो, तसाच अपघात पुन्हा होऊ नये यासाठी असतो. त्याचे अहवाल सर्वांना वाचता येतात. उडायला शिकणाऱ्या मुलांबरोबर बसून आपणही ते जरूर वाचावेत.