शाळा सुटल्यावर भजनाला बसताना

महाराष्ट्रात शाळेतला शिक्षक 58व्या वर्षी निवृत्त होतो. पाठांतर दांडगे असते, गळ्यात अजून धार असते आणि संध्याकाळ एकदम मोकळी होते. मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळच्या भजनी मंडळांत अशा माणसाने जरूर जावे. वर्गातली एक सवय मात्र तिथे सोडावी लागते.

गिरणगावात भजन

कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेला माणूस पाळी सुटली की चाळीच्या खोलीत मृदंगापाशी बसे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे बऱ्याच गिरण्या गेल्या. भजन राहिले. अमेरिकेत केंटकीच्या खेड्यातला बिल मन्रो असाच इंडियानातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात राबायला गेला होता. पुढे त्याच्याच बँडच्या नावावरून ब्लूग्रास संगीताला नाव मिळाले, आणि त्यातही चार आवाजांत देवाची गाणी म्हणतात. गाव सुटलेल्या माणसांनी दोन्हीकडे गाण्यात देव धरला, याचे मला नवल वाटत नाही.

झील धरणे

बुवा पेटीवर, बाजूला मृदंग, मागे टाळ घेतलेले झीलकरी. बुवाने ओळ म्हटली की तीच ओळ, त्याच वळणाने उचलायची, हीच झील. शिक्षक नेमका इथे अडखळतो. अभंग त्याला पाठ असतो, त्यामुळे बुवाने जागा घ्यायच्या आतच पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघून जातो. आयुष्यभर तो पुढे म्हणत आला आणि वर्ग मागून. आता त्याने मागून म्हणायचे. सुरापेक्षा हे अवघड आहे, आणि याच्यासाठीच भजनाला बसावे असे मी म्हणेन.

टाळ यात मदतीला येतो. दोन्ही वाट्या दाबून वाजवल्या तर आवाज मिटतो. दोरी सैल धरून कडेला कड लागली की नाद लांबतो. भजनी ठेका आठ मात्रांचा. सुरुवातीला संथ चालतो आणि शेवटी लय चढते, तेव्हा हात घाई करतो. मृदंगावर कान ठेवला तर हात जागेवर राहतो.

पट्टी

डबलबारीत दोन बुवा समोरासमोर येतात, पट्टी चढी असते. साठीच्या गळ्याने तो नाद करू नये. वर्गभर ऐकू जावे म्हणून आवाज ताणायची सवय लागलेली असते. सकाळी खर्जात सावकाश बसले की ती हळूहळू जाते.

शिकायचे कुठे

विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1908 मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय काढले, त्यांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी 1925 मध्ये गिरगावात संगीतशाळा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. विशारदपर्यंत साधारण सात वर्षे लागतात. रागाची ओळख हवी असेल तर ती वाट चांगली. भजनासाठी मात्र बुवाशेजारीच बसावे लागते. गणपतीत चाळीतल्या जागरणाला जावे, आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात ऐकावे, मग एखाद्या मंडळात विचारावे. पहिले वर्ष टाळच हाती घ्यावा. पेटीचे नाव दुसऱ्या वर्षी काढावे.