लोसरला ‘चिनी’ म्हणू नका

आज महाशिवरात्र. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावहून कोहमारा, नवेगावबांध करत प्रतापगडला निघालेल्यांना यात्रेचं वेगळं काय सांगायचं! पण त्याच वाटेवर, गोठणगावच्या तिबेटी कॅम्पात बुधवारी, १८ फेब्रुवारी २०२६ ला नवं वर्ष, म्हणजे लोसर, लागतंय. त्याची बातमी झालीच तर दोन ओळींची, तीही अनेकदा ‘चिनी नववर्ष’ अशा मथळ्याखाली.

कॅम्पाचं नाव नोर्ग्येलिंग. तो १९७२ साली वसला, तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला १९९९ मध्ये, पण निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या लेखी ही वसाहत अजून ‘भंडारा’च आहे. थंडी सरली की शहरोशहरची स्वेटरची दुकानं आवरून माणसं परततात आणि लोसरला घरं भरतात.

सणाची खरी मजा आदल्या दोन रात्रींत आहे. सरत्या महिन्याच्या एकोणतिसाव्या तिथीला घर झाडून काढायचं आणि ‘गुथुक’ रांधायचं. हे नऊ जिनसांचं दाट सूप. त्यात कणकेचे मोठे गोळे सोडतात आणि प्रत्येकाच्या पोटात काहीतरी दडवलेलं असतं. मिरची निघाली तर तो माणूस बडबड्या, लोकर निघाली तर मायाळू, कोळसा निघाला तर मनाचा काळा. आजोबांच्या वाटीत कोळसा आला की नातवंडांची चंगळ! मग उरलंसुरलं सूप कणकेच्या बाहुल्यासोबत मशालीच्या उजेडात चौकात नेऊन टाकायचं, वर्षाची पीडा त्याच्याबरोबर गेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेर नारबोद नेणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पहिल्या दिवशी देवापुढे तळलेल्या ‘खाप्से’ची चळत, सातूच्या पिठाचा ‘चेमार’ आणि हिरवे कोवळे अंकुर. चिमूटभर चेमार हवेत उधळून ‘ताशी देलेक’ म्हणायचं. तिसऱ्या दिवशी जुन्या पताका उतरवून नव्या बांधतात.

लोसरच्या एक दिवस आधी, मंगळवारी, व्हिएतनामात ‘तेत’ हे नववर्ष आहे. तिथेही पूर्वजांना नैवेद्य, पानात बांधून तासन्‌तास उकडलेला चिकट भात, मुलांना लाल पाकिटातून पैसे. आणि पहिल्या दिवशी केर काढायचा नाही, लक्ष्मी बाहेर जाईल म्हणून. यंदा दोन्ही सण लागोपाठ आले, पण गेल्या वर्षी तेत २९ जानेवारीला होता आणि लोसर २८ फेब्रुवारीला. अधिक महिना कधी धरायचा याचं गणित दोघांचं वेगळं.

माझा जीव अडकलाय तो वर्षं मोजण्याच्या गणितात. येतं तिबेटी वर्ष अग्नि-अश्वाचं. प्राण्यांची नावं चीनकडची, हे मान्य. पण साठ वर्षांची फेरी तिबेटी लोक मोजतात ती इ. स. १०२७ पासून, भारतातून गेलेल्या कालचक्र तंत्राला धरून. चीन आणि व्हिएतनामची चालू फेरी १९८४ ला सुरू झाली, तिबेटची १९८७ ला. आणि आपली? प्रभव ते क्षय या साठ संवत्सरांची आपली फेरीही १९८७ च्या पाडव्यापासूनच. १९ मार्चला गुढी उभारू तेव्हा लागणारं ‘पराभव’ संवत्सर फेरीतलं चाळिसावं. बुधवारी कॅम्पात उजाडणारं वर्षही चाळिसावंच!

त्यामुळे तो ‘चिनी’ शब्द मला केवळ चूक वाटत नाही. १९५९ नंतर ज्या राजवटीपायी ही माणसं देशोधडीला लागली, तिच्या देशाचं नाव आपण त्यांच्या सणाला चिकटवतो. २००९ मध्ये तर तिबेटमधल्या दडपशाहीच्या निषेधार्थ निर्वासितांनी लोसर साजराच केला नव्हता. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टीपासून उरुसापर्यंत सगळं छापून येतं. पन्नास वर्षांहून अधिक काळ शेजारी राहणाऱ्यांच्या सणाला त्यात एक चौकोन द्यायला काय हरकत आहे? वर्ष तर आपण एकच मोजतोय.