काळी, पांढरी आणि धातुशोधक यंत्र

आपल्या गावगाड्यात जमिनीची दोन नावे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहेत. जिथे पीक उभे राहते ती ‘काळी’ आणि जिथे माणसे वस्ती करून राहतात, किंवा पूर्वी कधी राहत होती, ती ‘पांढरी’. वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही गावी गेले तरी वडीलधारी मंडळी या दोन्हींच्या सीमा बोटाने दाखवितात. जमिनीतील धातूचा शोध घेणारे यंत्र, म्हणजेच मेटल डिटेक्टर, निवडताना प्रथम हीच विभागणी ध्यानात घ्यावी लागते.

ही यंत्रे आता कोणालाही विकत मिळू शकतात. बुजलेला व्हॉल्व्ह शोधण्यासाठी ग्रामपंचायतीला यंत्र हवे असते, तर विज्ञानाच्या तासाला दाखविण्यासाठी शिक्षकांना. गुप्तधनाच्या गोष्टी ऐकून मोहात पडलेले काही जणही त्याची चौकशी करीत असतात. ‘सर्वांत चांगले यंत्र कोणते?’ असा प्रश्न सर्रास विचारला जातो. परंतु त्याला एकच उत्तर नाही. जमीन कशी आहे, शोधावयाचे काय आहे आणि शोध घेण्याचा अधिकार कोणाचा आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर यंत्राची निवड अवलंबून असते.

यंत्राचे कार्य

यंत्राच्या टोकाशी तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली म्हणजे तिच्यात सूक्ष्म प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र उत्पन्न होते. यंत्र ते टिपते व त्याचे ध्वनीत रूपांतर करते. यंत्र ऐकते ते एवढेच. दगड, खापर, हाड, लाकूड अथवा प्लास्टिक यांविषयी ते पूर्णपणे मुके असते.

परिसराचा या यंत्रावर किती परिणाम होतो, याचे उदाहरण त्याच्या बाल्यावस्थेतच सापडते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच एक उपकरण तयार केले. उपकरण सदोष नव्हते, तरीही गोळी सापडली नाही. डॉक्टरांनी शरीराच्या एकाच बाजूचा शोध घेऊ दिला, ही एक अडचण होती. रुग्णाच्या बिछान्याखालील पोलादी स्प्रिंगांनी उपकरणाला गोंधळविले, ही दुसरी. आपल्या जिल्ह्यात बिछान्यातील त्या स्प्रिंगांची जागा खुद्द जमीनच घेते.

काळीतील शोध

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा असून त्याच्या झिजेतून आपली कापसाची काळी माती तयार झाली आहे. या खडकात लोहयुक्त चुंबकीय खनिजे असतात व त्यांचे कण मातीतही उतरतात. परिणामी, धातूची वस्तू नसतानाही जमीन यंत्राला उत्तर देऊ लागते. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांवरून वेटोळे नेले की आवाज उगाच चढतो व उतरतो. पावसाळ्यात ओलाव्यामुळे मातीची विद्युत्वाहकता वाढते आणि चित्र पुन्हा बदलते. म्हणून काळीत वापरावयाच्या यंत्रात जमिनीचा परिणाम वजा करून घेण्याची, म्हणजे ‘ग्राउंड बॅलन्स’ची सोय असणे अगत्याचे आहे. ती स्वयंचलित असावीच. शिवाय हाताने जुळविता आल्यास अधिक उत्तम.

सर्वसाधारणपणे यंत्रांचे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात अखंड लहरी सोडल्या जातात. धातू लोखंड आहे की तांबे-पितळेसारखा आहे, याचा बराचसा अंदाज हे यंत्र देते. त्यातही कमी कंप्रतेचे यंत्र मोठ्या व सुवाहक वस्तूंसाठी, तर अधिक कंप्रतेचे यंत्र बारीक व पातळ वस्तूंसाठी सोयीचे असते. दुसऱ्या प्रकारात विजेचे स्पंद थांबून थांबून सोडले जातात. हे यंत्र खनिजयुक्त जमिनीला, तसेच कोकणच्या खाऱ्या ओल्या वाळूला फारसे दबत नाही आणि खोलवर पोहोचते. मात्र लोखंड व इतर धातू यांतील भेद ओळखण्यात ते दुबळे ठरते. म्हणजे खोली हवी की ओळख हवी, हे आधी ठरवावे लागते.

खोलीविषयीच्या जाहिराती विशेष सावधपणे वाचाव्यात. अनुकूल जमिनीतही नाण्याएवढी वस्तू साधारणतः १५ ते २५ सेंटिमीटरपर्यंतच कळते. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने अंतर मोठे असल्यास लहान वस्तूचा प्रतिसाद अंतराच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात घटतो. म्हणजे अंतर दुप्पट झाले की प्रतिसाद ६४ पटींनी कमी होतो. तेव्हा ‘तीस फुटांवरचे सोने दाखविणारे’ यंत्र विकू पाहणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा. अशी फसवणूक सरकारांचीही होते. मुठीवर नुसती अँटेना बसविलेली बनावट ‘बॉम्बशोधक’ साधने इराकला विकणाऱ्या एका ब्रिटिश व्यापाऱ्यास २०१३ साली १० वर्षांची शिक्षा झाली. त्या साधनांत कार्य करणारे असे काहीच नव्हते.

ग्रामपंचायतीची गरज

ग्रामपंचायतीला पुष्कळदा हवा असतो तो रस्त्याच्या डांबराखाली गेलेला व्हॉल्व्ह किंवा चेंबरचे लोखंडी झाकण. त्यासाठी मध्यम किमतीचे साधे यंत्र पुरेसे होते. लोखंडी नळाचा मार्ग शोधावयाचा असल्यास नळाला जोडावयाचा प्रेषक व हातातील ग्राहक असे दोन भाग असलेले नळशोधक अधिक उपयोगी पडते. पीव्हीसी अथवा एचडीपीई नळ मात्र यांपैकी कोणत्याही यंत्राला ऐकू येत नाही. नवीन नळ टाकतानाच त्यासोबत वेष्टनयुक्त तांब्याची तार पुरून तिचे टोक चेंबरमध्ये काढून ठेवल्यास पुढील पिढीची खोदाई वाचेल. सुरक्षेसाठी अंगझडती घेताना वापरतात ते दांडीवजा यंत्र जमिनीच्या कामाचे नव्हे, हेही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

यंत्र घेण्याआधी आपल्याच जमिनीत त्याची परीक्षा पाहावी. लोखंडाचा खिळा, पितळी कडी आणि ॲल्युमिनियमचा तुकडा निरनिराळ्या खोलीवर पुरून कोरड्या व ओल्या मातीत आवाज ऐकावा. शाळेतही हा प्रयोग सहज करता येईल.

पांढरीतील शोध

पांढरीची गोष्ट वेगळी. तेथे शतकानुशतकांच्या वस्तीची राख, खापरे, खिळे, लोहमळी आणि वर अलीकडचे पत्र्याचे तुकडे असे सारे एकत्र झालेले असते. मोठ्या वेटोळ्याखाली एकाच वेळी दहा वस्तू येतात व एकीचा आवाज दुसरीला झाकतो. म्हणून अशा ठिकाणी लहान वेटोळे उपयुक्त, असे तंत्रज्ञ सांगतात. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. परंतु पांढरीत यंत्र नेण्यापूर्वी तेथे काय दडलेले आहे, याचा विचार करावयास हवा.

धाम नदीकाठचे पवनार सर्वांच्या परिचयाचे आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. काही संशोधक हा मान रामटेकजवळच्या मनसरला देतात. नागपूर विद्यापीठाने १९६७ साली पवनारला उत्खनन केले. आचार्य विनोबांच्या आश्रमात आज दिसणारे भरत-राम भेटीचे शिल्प तेथील जमीन खोदतानाच मिळालेले आहे. ते पाषाणाचे आहे. कितीही महागडे यंत्र त्यावरून फिरविले असते, तरी त्याने हूं की चूं केले नसते.

उलट, यंत्राला जे ऐकू येते तेही पुष्कळदा वगळले जाते. सोन्याचांदीच्या शोधात असलेला मनुष्य यंत्रावर ‘लोखंड वगळा’ अशी योजना करून ठेवतो. विदर्भातील महापाषाणयुगीन लोकांची खरी दौलत लोखंडाचीच होती. वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा, नागपूर जिल्ह्यातील माहुरझरी येथील शिळावर्तुळांतून लोखंडी वस्तू मिळाल्या. नायकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच उजेडात आली. त्या वस्तूंचे मोल वजनावर नसून त्या कोणत्या थरात, कशाशेजारी होत्या यावर असते. खड्डा करून वस्तू उपटली की ती वस्तू राहते, पण तिची साक्ष नाहीशी होते. अचलपूरनजीकच्या चम्मक येथे नांगरटीत मिळालेल्या ताम्रपटावरून राजा दुसरा प्रवरसेन याने एक हजार ब्राह्मणांना गाव दान दिल्याचे समजले. तो पत्रा तांबटाच्या मुशीत गेला असता, तर त्या दानाची ही नोंद कायमची पुसली गेली असती.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, ठिकाण व सापडल्याची तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. निधी बेवारस ठरल्यास व वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्याला आणि उरलेला जमीनमालकाला मिळतो. शासनाने तो संपादन केल्यास त्याच्या द्रव्याचे मूल्य व त्यावर एक पंचमांश अधिक रक्कम देण्याची तरतूद आहे. माहिती दडविणाऱ्याचा हिस्सा मात्र जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. प्रामाणिकपणे कळविण्यात नुकसान नाही, हे गावकऱ्यांना समजावून सांगितले पाहिजे. संरक्षित स्मारकांच्या क्षेत्रात परवान्याविना उत्खनन करता येत नाही. गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी प्रकारांना तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षा ठेवलेली आहे.

जेथे यंत्र नेऊच नये

काळी व पांढरी यांखेरीज आपल्या जिल्ह्यात तिसऱ्या प्रकारचीही जमीन आहे. देवळी तालुक्यातील पुलगाव येथे लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी तेथील आगीत व स्फोटांत लष्करी अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव आबाजीनजीक कालबाह्य दारूगोळा नष्ट करण्याच्या कामाच्या वेळी स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत रोजंदारीवर राबणारे मजूर होते. दारूगोळा जुना झाला म्हणून तो मेला असे होत नाही, हा या घटनांचा धडा आहे.

तोफगोळ्याच्या फ्यूजमध्ये व काडतुसांच्या पुंगळ्यांत पितळ असते. पितळेला भंगारात भाव मिळतो, आणि यंत्रावरही त्याचा आवाज खणखणीत उमटतो. पुंगळी रिकामी आहे की भरलेली, हे त्या आवाजावरून कळत नाही. पितळी लोटी व जिवंत फ्यूज यांत यंत्राला फरक दिसत नाही. यंत्र धातू ओळखते. वस्तू ओळखत नाही. लष्करी पथकेही यंत्राच्या आवाजावर विसंबून खोदीत नाहीत. त्यांच्यापाशी प्रशिक्षण, संरक्षक साधने आणि ठरलेली कार्यपद्धती असते. तेव्हा दारूगोळा भांडार, चांदमारीचे मैदान किंवा दारूगोळा नष्ट करण्याची जागा यांच्या आसपास खाजगी व्यक्तीसाठी योग्य असे कोणतेही यंत्र नाही.

शेतात वा नाल्यात संशयास्पद धातूची वस्तू दिसल्यास तिला हात लावू नये. ती ओढू, ठोकू वा तापवू नये. मुलांना व गुरांना दूर न्यावे, जागेची खूण दुरूनच लक्षात ठेवावी आणि पोलिसांना अथवा ११२ या क्रमांकावर कळवावे. पुढील काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचे आहे.

ग्रामपंचायतीने यंत्र घेतलेच, तर ते नोंदवहीत नोंदवून ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवावे आणि कोणत्या कामासाठी, कोणत्या जागी नेले याची नोंद करावी. व्हॉल्व्ह शोधून झाला की ते परत कपाटात जावे. काळीत वा पांढरीत जुनी वस्तू लागली, तर कुदळ तेथेच थांबवून तहसील कार्यालयात वर्दी द्यावी. भंगार वेचून पोट भरणाऱ्या कुटुंबांपर्यंत पुलगावची हकीकत पोहोचविण्याचे काम मात्र कोणतेही यंत्र करणार नाही. ते ग्रामसभेत सदस्यांनी आणि वर्गात शिक्षकांनी करावयाचे आहे.