फी भरायला पैसे नाहीत, म्हणून शिक्षण सोडायचं का?



आपल्या गटांतल्या कितीतरी जणी लेकरं हाताशी आल्यावर पुन्हा शिकायला लागल्या आहेत. कुणी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं, कुणी इग्नूमध्ये. मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं तेच मुळी रोज कॉलेजला जाऊ न शकणाऱ्यांसाठी. पण घरात पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री कशाला लागते, ते तुम्हाला सांगायला नको. जत्रेचा खर्च होतो, भावकीतल्या लग्नाचा आहेर होतो, आणि फीची तारीख आली की घरातून आवाज येतो, "यंदा राहू दे. ह्या वयात शिकून कुठं कलेक्टर व्हायचंय?"

आता खरं सांगायचं तर, कधीकधी "यंदा राहू दे" हा निर्णय बरोबरही असतो. सोयाबीन पाण्यात गेलं, घरात दवाखाना लागला, तर फी मागे पडणारच. त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. पण शिक्षण सोडणं आणि थोडं थांबणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक जणी सोडतही नाहीत, रीतसर थांबतही नाहीत. फी भरायची राहते, अभ्यासकेंद्राचा फोन आला तर उचलत नाहीत, पुस्तकं माळ्यावर जातात आणि दोन-तीन वर्षांनी कळतं की नोंदणीची मुदतच संपली. नुकसान होतं ते ह्या गप्प बसण्यानं.

म्हणून आधी वही-पेन घ्या. गटाचा हिशोब आपण पैशापैशाचा ठेवतो, तसाच हा मांडा. फी तेवढी डोळ्यासमोर दिसते, पण खर्च तिच्याबाहेरही असतो. समजा फी ३,००० रुपये आहे. परीक्षेला सहा दिवस तालुक्याला जायचं, रोजची मजुरी ३०० रुपये, म्हणजे १,८०० रुपये बुडाले. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी येऊन-जाऊन ५० रुपये धरले तर सहा दिवसांचे ३०० झाले. म्हणजे परीक्षेलाच २,१०० रुपये लागले. रविवारच्या संपर्क सत्रांचं जाणं-येणं वेगळंच. असा हिशोब केला की कळतं, आपली अडचण फीची आहे की बुडणाऱ्या रोजाची. कारण दोन्हीवरचे उपाय वेगळे आहेत. अडचण रोजाची असेल तर कर्ज काढून ती सुटत नाही. तिथं कमी विषय घेणं, नाहीतर एक सत्र सोडून पुढच्या परीक्षेला बसणं हाच उपाय.

हे जमतं का? बऱ्याच ठिकाणी जमतं. इग्नूमध्ये परीक्षेची फी विषयागणिक भरायची असते आणि परीक्षा वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये होतात. ह्या वेळी दोनच विषय दिले तरी चालतं. तीन वर्षांचं बी.ए. तिथं सहा वर्षांपर्यंत पुरं करता येतं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाला असाल तर तुमच्या अभ्यासक्रमाच्या नोंदणीला किती वर्षांची मुदत आहे, ते अभ्यासकेंद्रात विचारून वहीत लिहून ठेवा. पास झालेला पेपर पासच राहतो, राहिलेलाच द्यायचा असतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार ज्या कॉलेजांत आणि विद्यापीठांत पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला आहे, तिथं आणखी एक सोय आहे. पहिलं वर्ष ठरलेल्या श्रेयांकांसह पुरं करून बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. मध्ये बाहेर पडलेल्या विद्यार्थिनीला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. तुमचे श्रेयांक म्हणजे क्रेडिट एबीसी नावाच्या खात्यात जमा राहतात, अगदी बचत खात्यासारखे. हे खातं डिजिलॉकरमधून आधारवर उघडतं. मोबाईलवर जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोरीला बसवा शेजारी, तिला माहीत असतं.

आता पैशाचं. फीसाठी सावकाराकडे जाऊ नका, आणि आठवड्याला हप्ता मागणाऱ्या कंपनीचं कर्जही काढू नका. एवढं माझं मत पक्कं आहे. त्यापेक्षा एक वर्ष थांबलेलं बरं. गटाकडून ६,००० रुपये घेतले, महिना शेकडा २ नं, आणि दर महिन्याला ६०० मुद्दल फेडत गेलं, तर दहा महिन्यांत व्याज ६६० रुपये होतं. तेच सावकाराकडून शेकडा ५ नं घेऊन दहा महिन्यांनी एकरकमी फेडलं तर व्याजच ३,००० रुपये. शिवाय गटाचं व्याज आपल्याच पेटीत येतं.

पण आपल्या गटांत एक गंमत आहे. सूक्ष्म गुंतवणूक आराखडा भरताना मुलाच्या कॉलेजची फी आपण बिनदिक्कत सांगतो. स्वतःची फी सांगायला मात्र जीभ रेटत नाही. हौस म्हणतील, अशी भीती वाटते. गटाच्या बैठकीत शेळीसाठी कर्ज मागताना आपण लाजतो का? अंतर्गत कर्ज कशाला द्यायचं हे गट ठरवतो, तेव्हा ठराव करून इतिवृत्तात लिहा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला असेल तर फी सवलत किंवा शिष्यवृत्ती लागू होते का, तेही अभ्यासकेंद्रात विचारा. एक गैरसमज मात्र काढून टाका. मुलींना मोफत शिक्षण असा जो शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला, तो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींसाठी आहे. तुमच्या लेकीसाठी त्याची चौकशी जरूर करा, पण आपल्या बी.ए.ची फी त्यात माफ होईल असं धरून चालू नका.

पदवी कशासाठी हवी, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याचं उत्तर घरच्यांना नाही, स्वतःला द्यायचं असतं. तलाठी किंवा अंगणवाडी पर्यवेक्षिका व्हायचं असेल तर पदवी लागते आणि वयाचं गणितही लागतं. राज्यसेवेच्या परीक्षेला खुल्या प्रवर्गात ३८ आणि मागास प्रवर्गात ४३ वर्षांची मर्यादा आहे. तुम्ही ३५ च्या असाल आणि दुसऱ्या वर्षाला असाल तर एक वर्ष थांबणं महागात पडतं, तिथं थोडी ओढाताण सोसून पुढं जावं. शेवटच्या वर्षाचे चार-पाचच पेपर उरले असतील तरी तेच. पण पन्नाशीतल्या ताई केवळ आपल्या नावापुढे बी.ए. लागावं म्हणून शिकत असतील, तर त्यांना घाई कुणाची? वर्षाला दोन विषय देत गेल्या तरी चालेल, फक्त मुदत चुकवू नये.

थांबायचं ठरलं तर अभ्यासकेंद्रात स्वतः जा. ओळखपत्र, आधीच्या गुणपत्रिका आणि फीची पावती बरोबर न्या. तीन गोष्टी विचारा: माझी नोंदणी कधीपर्यंत चालते, पुन्हा फी भरताना विलंब शुल्क किती, आणि अभ्यासक्रम बदलला तर माझे पास झालेले विषय धरणार का. तोंडी उत्तरावर परत येऊ नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि गटाकडून कर्ज घेऊन भरायचं ठरलं, पण बैठक फीच्या तारखेनंतर येत असेल, तर अध्यक्षताईंना सांगून ती आठ दिवस आधी बोलवायला लावा.