जॅझ-रॉक

जॅझमधील उत्स्फूर्त स्वरविस्तार आणि रॉक, फंक इ. लोकप्रिय संगीतप्रकारांतील ठसठशीत ताल व विद्युत् वाद्ये यांच्या संयोगातून १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुख्यतः अमेरिकेत विकसित झालेला संगीतप्रकार. त्यास ‘फ्यूजन’ असेही म्हणतात.

स्विंग वाद्यवृंदांच्या काळात, विशेषतः १९३५ ते १९४५ च्या दरम्यान, जॅझ हे अमेरिकेतील लोकप्रिय नृत्यसंगीत होते. त्यानंतरच्या बीबॉप शैलीची द्रुत लय व गुंतागुंतीची हार्मनी नृत्यास फारशी अनुकूल नव्हती. त्यामुळे जॅझ ही प्रामुख्याने जाणकारांची कला बनली. पुढे रॉकच्या प्रसारामुळे तरुण श्रोता तिच्यापासून अधिकच दुरावला. ली मॉर्गन याची द साइडवाइंडर (१९६४) ही ध्वनिमुद्रिका हा दुरावा कमी करणाऱ्या आरंभीच्या यशस्वी कृतींपैकी होय.

ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस (१९२६–९१) याच्या इन अ सायलेंट वे (१९६९) व बिचेस ब्रू (१९७०) या ध्वनिमुद्रिकांनी या प्रकारास निश्चित वळण दिले. जॅझची झुलती लय मागे पडून मात्रेचे समान विभाजन रूढ झाले. तबल्याच्या एकलवादनातील लेहऱ्याप्रमाणे बास गिटारवर एकच स्वराकृती पुनःपुन्हा वाजते व तिच्या आधारे वादक विस्तार करतो. निर्माता टेओ मॅसेरो याने ध्वनिफितींची कापणी व जुळणी करून संपादनालाही रचनेत स्थान दिले.

डेव्हिसच्या सहकाऱ्यांनी ही दिशा पुढे नेली. जो झाविनूल व वेन शॉर्टर यांनी १९७० मध्ये ‘वेदर रिपोर्ट’ हा वृंद स्थापन केला. हर्बी हॅन्कॉकच्या हेड हंटर्स (१९७३) या ध्वनिमुद्रिकेस मोठा खप लाभला. गिटारवादक जॉन मक्लॉक्लिन याने १९७१ मध्ये ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’ स्थापिला. पुढे मुंबईत जन्मलेले तबलावादक झाकिर हुसेन (१९५१–२०२४) यांच्यासमवेत त्याने उभारलेल्या ‘शक्ती’ वृंदात जॅझ, हिंदुस्थानी व कर्नाटक संगीत यांचा मेळ आढळतो.

लोकप्रियतेसाठी जॅझचे सत्त्व गमावल्याची टीका या प्रकारावर झाली. ती सरसकट ग्राह्य नाही. वरील कृतींत सुबोध ताल हा केवळ पाया असून त्यावरील विस्तार धाडसीच आहे. १९८० नंतर फोफावलेल्या ‘स्मूद जॅझ’ला मात्र ही टीका अधिक लागू पडते. केनी जी या सॅक्सोफोनवादकाच्या ब्रेथलेस (१९९२) या ध्वनिमुद्रिकेच्या अमेरिकेतच १ कोटीहून अधिक प्रती खपल्या. परंतु तीत गोड, आटोपशीर धुनेला प्राधान्य असून उत्स्फूर्त विस्तार गौण ठरला आहे. लोकप्रिय तालाचा स्वीकार केल्याने नव्हे, तर त्यावरील विस्ताराचे स्वातंत्र्य सोडल्याने जॅझचे जॅझपण उणावते, हे या दोहोंच्या तुलनेवरून दिसून येते.