रेवदंडा-चौल: सतराशे वर्षं गजबजलेलं बंदर गप्प कसं झालं?

आजच्या भागात आपण अलिबागच्या पुढे जाणार आहोत. वीकेंडला सगळे जिथे थांबतात ना, तिथून आणखी १७ किलोमीटर. गावाचं नाव रेवदंडा, आणि त्याला चिकटून असलेलं चौल.

रेवदंड्याला एसटीने गेलात तर एक गंमत होते. एसटी चक्क किल्ल्यातून जाते! रस्ता तटबंदीतून आत शिरतो आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. मध्ये नारळ-सुपारीच्या वाड्या, घरं, दुकानं. डुलकी लागली असेल तर कळणारही नाही की आपण आत्ता एका जुन्या शहरातून गेलो.

आता खाली उतरा आणि वाडीतून चालत आत जा. झाडांच्या वर एक उंच मनोरा दिसेल. लोक त्याला सातखणी म्हणतात. आज त्याचे चारच मजले उभे आहेत. हा पोर्तुगीज काळातल्या एका चर्चचा मनोरा. जवळच तोफा पडलेल्या आहेत, पुढे छप्पर नसलेली चर्चं आहेत, आणि सगळ्याच्या पलीकडे समुद्र. ओहोटी असेल तर वाळूवरून तटाच्या बाहेरच्या बाजूने चालता येतं. तिथून बघितलं की कळतं, हा तट किती लांब आहे.

पण थांबा. पोर्तुगीज हे या गोष्टीतलं अगदी शेवटचं प्रकरण आहे.

गोष्ट सुरू कुठे होते?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराचं एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, 'पेरिप्लस'. त्यात कल्याणच्या पुढचं बंदर म्हणून 'सेमिल्ला' येतं. अभ्यासकांच्या मते हेच आपलं चौल. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात 'चेमुल'चे लोक आहेत. तेही चौलच. म्हणजे इथे इतका पैसा होता की इथली माणसं दूरच्या लेण्यांना दान देत होती.

पुढे दहाव्या शतकात अल-मसूदी हा अरब प्रवासी इथे आला. तो चौलला 'सैमूर' म्हणतो. इथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात, त्यात बगदाद, बसरा, ओमानकडून आलेले व्यापारी आहेत, असं तो लिहितो. राज्य कोणाचं? राष्ट्रकूटांचं.

मग साधारण १४६९ मध्ये अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी इथे उतरला. सोबत काय? विकायला आणलेला एक घोडा! त्या काळी चांगले घोडे इकडे समुद्रमार्गे यायचे आणि त्यांना भाव भारी. लक्षात घ्या, वास्को द गामा यायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात निकितीनचं स्मारक आहे.

मग हे बंदर संपलं कसं?

आपल्याला वाटतं, लढाई झाली असेल, कोणीतरी शहर जाळलं असेल. लढाया तर झाल्याच. १५०८ मध्ये इथे इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं. १५७०-७१ मध्ये निजामशाहीने पोर्तुगीज चौलला वेढा घातला. वसई पडल्यावर, १७४० मध्ये, पोर्तुगीजांनी चौल मराठ्यांना देऊन टाकलं.

पण गंमत बघा. इतके मालक बदलले, तरी बंदर चालू होतं. कारण प्रत्येकाला ते चालू हवं होतं. बंदर हातात घेणारा ते कशाला बुडवेल? जकात तर तिथूनच येते.

बंदर मरतं ते जहाजं दुसरीकडे वळली की. १६६१ मध्ये पोर्तुगीजांनी आपल्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. मुंबईचं बंदर खोल आणि आडोशाचं. इकडे चौलच्या खाडीत गाळ साचत होता. व्यापारी हळूहळू तिकडे सरकले. एका दिवसात काही झालं नाही. एक जहाज कमी, मग दोन कमी. गोदीच नाही तर हमाल कशाला थांबतील? हमाल गेले की दुकानं जातात. शेवटी उरलं ते वाडीतलं शांत गाव.

आणि आज आपण त्याच मुंबईहून रो-रोने मांडव्याला उतरतो आणि हे अवशेष बघायला येतो!

जे अजून बोलतंय

किल्ला बघून परत फिरू नका. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की पुढे कोर्लई लागतं. डोंगरावर किल्ला आहेच, पण खरी गोष्ट खाली गावात आहे. पोर्तुगीज गेले, इथले ख्रिस्ती लोक मात्र राहिले. त्यांची घरातली बोली आजही पोर्तुगीजमधून आलेली आहे, मराठीत मुरलेली. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. बोलणारे उरलेत हजाराच्या आसपास. मुलं शाळेत मराठी शिकतात, पुढे कामासाठी बाहेर पडतात. चौलची जहाजं गेली तशीच भाषाही जाते. एक घर कमी, मग दोन कमी.

आपल्याला ती परकी वाटेल, पण पाव, बटाटा, चावी, बादली, पगार हे आपले रोजचे शब्दही पोर्तुगीजमधूनच आलेत. बंदरावर माल उतरतो, तसे शब्दही उतरतात.

म्हणून जाणार असाल तर तीन गोष्टी. भरती-ओहोटीची वेळ बघून जा. तटावर चढू नका आणि नावं कोरू नका. मुळांनी आधीच दगड उचकटलेत, त्यात आपली भर नको. आणि कोर्लईत कोणाच्या तोंडासमोर मोबाईल धरून 'बोलून दाखवा ना' म्हणू नका. आधी नमस्कार करा, दोन शब्द बोला. त्यांना वाटलं तर ते स्वतःच बोलतील.

चला, भेटू पुढच्या भागात!